पांढरं पान

माझं काम वेबसाइटची पानं मांडायचं. अक्षर केवढं ठेवायचं, दोन ओळींत किती जागा सोडायची, चित्र कुठं बसवायचं, हे मी ठरवते. निदान पगार त्याचा घेते. नगरला एका ऑनलाइन क्लासचं ऑफिस आहे, तिथे. क्लास नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेचा आणि शिकणाऱ्या बहुतेक खेड्यातल्या पोरी. त्यात माझी धाकटी बहीणही होती. तिला शिंगणापूरला दिलेली. एकदा परीक्षेला बस, पुन्हा विषय काढायचा नाही, असं नवऱ्याने कबूल केलं होतं. त्या एका संधीवर ती दिवस काढत होती.

आमच्या मालकांना फिकट रंगांचं भारी वेड. पांढऱ्या पानावर राखाडी अक्षरं, तीही बारीक. डोळ्यांना शांत वाटतं म्हणे. त्यांच्या केबिनला काळ्या काचा आणि समोर हा एवढा मोठा स्क्रीन, तिथे मुंगीचे पायसुद्धा दिसले असते. आपल्या पोरी मोबाईलवर भर उजेडात वाचणार, अक्षर काळं आणि ठळक हवं, असं मी कितीदा सांगितलं. ते हसले.

"अहो मॅडम, अभ्यास करणारा माणूस दार लावूनच बसतो."

बहिणीच्या सासरी दारच नाही! शिंगणापूरच्या जुन्या घरांना नसतंच, राखण शनिदेवाची. पुढच्या पडवीत तेलाचं आणि रुईच्या माळांचं दुकान, त्यामुळे पडदाही दिवसभर वर बांधलेला. दुपारचं ऊन थेट आतल्या खोलीपर्यंत यायचं. तिला सवड मिळायची ती दुपारीच, आणि दुपारी त्या पानावर काही म्हणता काही दिसायचं नाही. फोनचा उजेड वाढवून झाला, भिंतीकडे तोंड करून झालं. शेवटी ती डोक्यावरून गोधडी घ्यायला लागली. ऐन वैशाखात. आत घामाने निथळत, पुटपुटत ती पाठ करायची.

ते सासूच्या नजरेस पडलं. सून भरदुपारी फोन घेऊन गोधडीत शिरते आणि आतून कुजबुज येते. ज्या घराला दार नाही, तिथे कुणी काही लपवत नाही, लपवलं की समजायचं पाणी मुरतंय. तिने सुनेला एका शब्दाने विचारलं नाही, सरळ लेकाच्या कानावर घातलं. त्याने फोन काढून घेतला आणि परीक्षा बंद म्हणून सांगितलं.

निरोप कळला तशी मी पहिल्या एसटीने गेले. रागाने डोकं भणभणत होतं, तरी गोड बोलले. माझ्या फोनवर तेच पान उघडून सासूबाईंच्या हातात दिलं आणि म्हटलं, बघा, ती हे वाचत होती. दुकानाच्या उजेडात त्यांनी फोन लांब धरला, जवळ धरला.

"ह्याच्यात तर काईच न्हाई. पांढरंच हाय समदं."

त्या खोटं बोलत नव्हत्या. मलाही काही दिसत नव्हतं. जरा आत सावलीत चला, मी म्हटलं.

"म्हंजी लपूनच बघायचं असतं व्हय ह्ये?"

बहीण मागे उभी होती, तिने मान खाली घातली.

पुढे मालक पुतणीच्या लग्नात मांडवाबाहेर पाहुण्यांना वेबसाइट दाखवायला गेले आणि त्यांना स्वतःलाच वाचता येईना. सोमवारी अक्षरं काळी झाली. माझं इतकं भांडण वाया गेलं होतं, एका उन्हाने काम केलं. तोवर परीक्षा होऊन गेली होती.

परवा मी तिच्याकडे गेले होते. ती दुकानात बसून बाटल्यांत तेल भरत होती. मी भर उन्हात फोन तिच्यासमोर धरला. तिचे हात तेलाचे, तिने तो घेतला नाही. लांबूनच एक ओळ वाचली, स्वच्छ, न अडखळता.

"आता दिसतंय की गं ताई," ती म्हणाली, आणि पुढची बाटली उचलली.