कुलूप लावलेला रबाब

खैरुद्दीन चाचांवर अन्याय झाला. यंदाच्या फेब्रुवारीतला दुसरा शनिवार, दुपारचे तीन वाजून चाळीस मिनिटं. ठिकाण – कळंबच्या पुढचं एक रिसॉर्ट, तिथला हॉल. अन्याय करणाऱ्यांत रिसॉर्टचा मॅनेजर आहे, पहिल्या रांगेतले पाहुणे आहेत आणि मीही आहे. हे आधीच सांगते. पुढचं वाचताना मला कुणी बिचारी समजायला नको.

दुसरी गोष्ट. या सदरात येणारे भुताखेतांचे अनुभव मी आजवर फक्त हसण्यासाठी वाचले. मी भिसेगावची. कॉलेजपासून पत्रकं लिहिते, स्टेशनबाहेर उभी राहून वाटते. जत्रेत बुवांच्या मांडवासमोर नारळातून आग काढून दाखवलीय – आणि ती कशी काढतात तेही. हडळ, मुंजा, चकवा काही मानत नाही. आजही नाही. पण त्या दिवशी जे ऐकलं त्याचं उत्तर माझ्याकडे नाही... आणि उत्तर नसतानाही मला तुमच्याकडून एक गोष्ट हवीय.

चाचा काबूलचे. सत्तरी ओलांडलेली. मुंबईत एका खोलीत एकटे राहतात. रबाब वाजवतात – तुतीचं लाकूड, वर मढवलेलं कातडं, तीन जाड तारा आणि त्यांच्याखाली तरफांची, म्हणजे न छेडता झंकारणाऱ्या बारीक तारांची रांग. एकुलती मुलगी परदेशात. तिच्याकडे जाण्यासाठी त्यांनी कलावंत म्हणून अर्ज केलाय. त्याला एक पुरावा लागतो – वर्षभरात लोकांसमोर वाजवल्याचा. नाव छापलेली कार्यक्रमपत्रिका, नाहीतर श्रोत्यांची सही केलेली पत्रं. एवढ्यासाठी हा माणूस कर्जतला आला आणि आठ दिवस आमच्या घरी राहिला.

कार्यक्रम रेबेका मॅडमचा. त्या वसईच्या. युरोपातलं तीनशे वर्षांपूर्वीचं बरोक संगीत वाजवतात, हार्प्सिकॉर्डवर. दिसायला लहान पियानो, पण आत तारा छेडल्या जातात. सोबत दोन व्हायोलिन, एक चेलो. चेलोवर आठ सुरांची एकच ओळ फिरून फिरून येणार, आणि तिच्यावर एकदा ही मंडळी, एकदा चाचांचा रबाब. मला शंका होती. पण माझे बाबा भीमगीतांच्या पार्टीत पेटी वाजवायचे, ते तालीम ऐकून आले आणि म्हणाले, "ह्ये तर सवाल-जवाब हाय गं. आपलाच."

त्यांच्या जुन्या पद्धतीत सगळं आजच्यापेक्षा अर्धा सूर खाली लावतात. म्हणून चाचांना सगळा रबाब उतरवावा लागला. अख्खी सकाळ आमच्या ओट्यावर बसून एकेक खुंटी पिळत होते. आई म्हणाली, "काय ओ चाचा, वाजवनार कवा? मगासधरनं नुसतं कानच पिळताय त्याचं." चाचांना अर्धं कळलं, पण हसले पूर्ण. मग आम्हाला त्यांच्या घराण्याचा नियम सांगितला. सूर लावलेला रबाब न वाजवता कापडात गुंडाळायचा नाही. वाढलेल्या ताटावरून पाहुण्याला उठवण्यासारखं आहे ते.

कार्यक्रमपत्रिका मी केली. मॅनेजरने मसुदा बघितला आणि म्हणाला, "अफगाण नको लिहू. लोक वीकेंडला येतात, टेन्शन घ्यायला नाय. पर्शियन टाक. गालिच्यासारखं वाटतं."

"आणि नाव?"

"नाव कशाला? रबाब – पाहुणे कलाकार. झालं."

मी दहा मिनिटं भांडले. मग तो म्हणाला, हॉल दुसऱ्याला देतो. आणि मी नाव काढलं. मी! नाव लपवू नका, नाव घ्या, असं ओरडत पाच वर्षं पत्रकं वाटणारी मी. वाटलं, आधी कार्यक्रम तर होऊ दे, पुरावा नंतर कुठूनतरी उभा करू. चाचांनी छापलेला कागद हातात घेतला, उलटा करून मागेही बघितलं, आणि घडी घालून खिशात ठेवला.

शनिवारी चाचा स्टेजवर बसून शेवटचा सूर लावत होते, तेव्हा पहिल्या रांगेतल्या कुणीतरी विचारलं की हा दाढीवाला कुठला. उत्तर ऐकल्यावर खुर्च्या सरकल्या. मॅनेजर माझ्याकडे आला. "चाचांना स्टेशनला सोडतो. जीप लावलीय. वाद नको."

मी वाद घातला. रेबेका मॅडमनी घातला. तो तिकडे जीपचा दरवाजा उघडून उभाच होता. चाचाच उठले. वाजवायची नखी जाकिटाच्या खिशात टाकली आणि मला म्हणाले, "बेटी, सुर लग गया है. मैं इसे नहीं लपेटूँगा. बजेगा, तब लपेटना."

रबाब तसाच उघडा ठेवून ते गेले. तीन चाळीस.

स्टेजमागे प्लेटा-पातेल्यांची खोली आहे. एकच दार, खिडकी नाही. मी रबाब तिथे नेला, टेबलावर अंथरलेल्या कापडावर ठेवला, बाहेरून कुलूप लावलं. किल्ली मुठीत. शेवटपर्यंत मुठीतच.

साडेचारला कार्यक्रम सुरू झाला. रेबेका मॅडमनी आमच्यासमोर ठरवलं होतं – चाचांचा तुकडा वाजवायचा आणि त्यांच्या जागा रिकाम्या ठेवायच्या. सोळा मात्रांची शांतता. "कळू दे लोकांना, कोण कमी आहे ते."

हॉलमध्ये माईक नव्हता, स्पीकर नव्हता. त्यांचं संगीत तसंच असतं. हे लक्षात ठेवा.

तुकडा सुरू झाला आणि मागच्या खोलीतून एक बारीक गुणगुण आली. मी हसले. शाळेतलं भौतिकशास्त्र – सूर जुळलेला असला की तरफा शेजारच्या आवाजाने आपोआप झंकारतात. मनातल्या मनात मी याचं पत्रकसुद्धा लिहून टाकलं. मग चेलो थांबला. व्हायोलिनं थांबली. रेबेका मॅडमनी हात उचलले. शांतता यायला हवी होती.

रबाब वाजला.

झंकार नव्हे. छेडलेली तार. जाड, कोरडा, लाकडाचा आवाज... एक वाक्य, मग विचार केल्यासारखा थोडा दम, मग दुसरं. आमच्या ओट्यावर आठ दिवस ऐकलेली तीच फिरत. झंकारायला बाहेर सूर लागतो ना? बाहेर काहीच वाजत नव्हतं. रेबेका मॅडमचे हात हवेतच राहिले होते. चेलोवाला मान वळवून मागे बघत होता. सोळा मात्रा उलटून गेल्या, रबाब चालूच होता.

मला वाटलं चाचा परत आलेत. कसे, कुठून, ते नाही सुचलं. जीप चालवणाऱ्या काशिनाथभाऊला फोन लावला.

"भाऊ, चाचा कुठायत?"

"हितंच हायत गं, माज्या बाजूला. आधी गाड्यांची रांग, आता कर्जतच्या अलीकडं फाटक पडलंय. का गं?"

"नक्की?"

"आता बाजूला बसलेला मानूस दिसत नाय काय मला? पन सुजे... हे काय करतायत कळना. डोळं मिटलेत आन् मांडीवर बोटं नाचवतायत. आवाज देतो तं वळखच नाय." मग त्यानेच विचारलं, "तुज्याकडं काय वाजतंय गं तिकडं?"

मी फोन कानाला लावूनच स्टेजमागे धावले, किल्ली फिरवली. दार उघडेपर्यंत हार्प्सिकॉर्डने पुढची ओळ उचलली होती. फोनमध्ये काशिनाथभाऊ म्हणाला, "आता थांबली बग बोटं."

आत रबाब ठेवला तसा होता. तरफा थरथरत होत्या, पण त्याने काही सिद्ध होत नाही, बाहेर हार्प्सिकॉर्ड चालूच होता. मी टेबलाखाली बघितलं, पातेली हलवली, भिंती ठोकल्या. कुणाचा फोन, छोटा स्पीकर, काही म्हणजे काही नाही. बुवांचं सामान शोधताना जेवढं बारीक शोधते, तेवढंच शोधलं.

लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते. मॅनेजर मला म्हणाला, "बघ, त्याच्याशिवाय पण झालंच ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रबाब उघडाच उचलून मुंबईला चाचांच्या खोलीवर नेला. नेताना मला लाज वाटत होती. त्यांनी नुसता तळवा कातड्यावर ठेवला. तार छेडलीसुद्धा नाही. म्हणाले, "बज चुका है. अब बाँध दो." मी विचारलं, खूप विचारलं. ते चहा गाळत राहिले.

आता आजची परिस्थिती. पुरावा द्यायची मुदत महिनाअखेरीस संपते. पत्रिकेवर नाव नाही – ते मी काढलं. रिसॉर्टच्या रीलवर आमचा हॉल दिसतो, आवाज मात्र कुठल्यातरी विकतच्या संगीताचा लावलाय. रेबेका मॅडमनी आपलं पत्र दिलं. एका पत्राने भागत नाही. मी श्रोत्यांना शोधून फोन केले. एक म्हणाले, आम्हाला वाटलं रेकॉर्डिंग होतं. एक बाई म्हणाल्या, ऐकलं हो, पण असलं लिहून द्यायचं म्हणजे लोक हसतील. दोघांनी नंबर ब्लॉक केला. कालच्या फोनवर चाचा म्हणाले, "छोड़ दे बेटी." मी आयुष्यात पहिल्यांदा कुणापुढे रडले, आणि तेही फोनवर.

मी खोटी सही मागत नाहीये. चाचा स्टेजवर होते असं लिहू नका, ते नव्हते. ते का नव्हते तेही लिहा. आवाज कुठून आला हे मला माहीत नाही, तुम्हालाही सांगता यायचं नाही. नका सांगू. पण त्या शनिवारी तुम्ही त्या हॉलमध्ये बसला होतात. सोळा मात्रांची शांतता यायची होती आणि ती आली नाही. तुम्ही उभं राहून टाळ्या वाजवल्यात. त्या कुणासाठी होत्या?

वहीचं एक पान फाडा. वर त्या दिवसाची तारीख टाका. जे ऐकलंत ते दोन ओळींत लिहा. खाली त्यांचं नाव लिहा, पूर्ण – खैरुद्दीन, रबाबवादक, काबूल. मी काढलेलं नाव तुमच्या हाताने परत लिहा. सही करा आणि या सदराच्या पत्त्यावर पाठवा.

आज. हा अंक मिटण्याआधी.