पायाखालची तार

सिद्धू मासाळ खांबावर चढला की खालून बघणाऱ्यांची छाती धडधडायची, त्याची नाही. कुंडलच्या बाजूला एका साखर कारखान्यात वायरमन म्हणून त्याची उमेदीची सगळी वर्षं गेली. चालू लाइनीशी तो शेजाऱ्यासारखा वागायचा, ओळख ठेवून आणि अंतर राखून. पण पश्चिमेला ढगाच्या पोटात बारीकशी चमक झाली, की हाच माणूस हातातली पक्कड जमिनीवर ठेवायचा आणि जिथं आसपास लोखंड नाही अशी जागा शोधून उभा राहायचा. चेहरा राखेसारखा व्हायचा. पोरंसोरं हसायची. तो त्यांना हसू द्यायचा, कारण सांगायचा नाही.

कारण मला ठाऊक आहे, म्हणून सांगतो. सिद्धू मूळचा पूर्वेकडच्या दुष्काळी मुलखातला, मेंढरामागं चालणाऱ्या घरातला. उन्हाळ्यात त्याच्या बापाचा कळप कृष्णाकाठच्या रानात बसायला यायचा. सिद्धू लहान होता तेव्हाची एक संध्याकाळ. वळवाचं आभाळ फुटायला आलेलं. अर्धी मेंढरं वाघरीत कोंडून झाली होती. वाघर म्हणजे सुतळीचं जाळं, त्याचं गोल कुंपण करून मेंढरं रात्रीची आत ठेवतात. उरलेली अर्धी बिथरून बागाईतदाराच्या तारेच्या कुंपणाला जाऊन चिकटली. थोरला भाऊ बिरू त्यांना हाकायला गेला आणि एक हात तारेवर ठेवून उभा राहिला.

वीज पडली ती लांब, कुंपणाच्या पार दुसऱ्या टोकाच्या बाभळीवर. पण तारेला चिकटलेली मेंढरं ओळीनं आडवी झाली, कुणी हातानं निजवल्यासारखी. त्या ओळीत बिरूही होता. वाघरीतली मेंढरं थरथरत होती, पण उभी होती.

वीज पडली तिकडं आणि भाऊ गेला इकडं. मध्ये होती ती फक्त तार. एवढी एकच गोष्ट सिद्धूच्या मनात गाडली गेली, आणि पुढं तारांचंच काम नशिबाला आलं तरी ती उपटून निघाली नाही.

कारखान्याच्या फाटकाजवळ ऊस तोलायचा काटा होता. काट्याच्या खोलीत संगणक आला, आणि गाडीचं वजन तिथून थेट ऑफिसात दिसावं म्हणून रानातून तांब्याची केबल टाकली गेली. एका चैत्रात त्या रानात वीज पडली. केबलीनं ती दोन्हीकडं वाटली. संगणक जळाला, आणि तिथं बसलेल्या मानसिंगचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. त्या बाजूच्या कानानं त्याला पुढं कधी ऐकू आलं नाही. त्यानं ती खुर्ची सोडली.

खुर्ची रिकामी झाली आणि सिद्धूच्या मुलीला मिळाली.

स्वप्नाली सांगलीला बसनं येऊन-जाऊन संगणक शिकली होती. मासाळांच्या घरातली पहिली खुर्चीवरची नोकरी ती. तिच्या आईनं, रंगुबाईनं आळीत पेढे वाटले. सिद्धूनं पेढा हातात धरून ठेवला, तो तसाच मऊ झाला.

"खावा की," रंगुबाई म्हणाली.

"त्या खुर्चीवर मानसिंग बसायचा."

"आवं, मग पोरीला काय घरात बसवू?"

आतून स्वप्नाली ओरडली, "आबा, मी न्हाई घरात बसायची! सांगलीला काय चुली फुंकायला शिकले व्हय?"

त्याच पावसाळ्यात सांगलीहून इंद्रजित नावाचा तरुण इंजिनिअर कारखान्यानं बोलावला. तांब्याचा नाद सोडून काचेच्या धाग्यांची केबल टाकायची ठरली. केसाएवढ्या काचेतून उजेड धावतो आणि उजेडाबरोबर वजनाचा आकडा जातो, असं त्यानं समजावून सांगितलं. आत धागे किती, केबल किती वाकवायची, सगळं त्यानं कागदावर ठरवून आणलं होतं. अडलं होतं ते फक्त वरच्या कवचावर. स्टोअरच्या टेबलावर त्यानं दोन तुकडे ठेवले.

स्टोअरकीपर लालासाहेब जीभ सैल सोडणारा माणूस. एक तुकडा हातात घेऊन म्हणाला, "काचंची केबल! सायेब, कासाराकडनं आणली का वो? येतायेता बांगड्या बी आणायच्या हुत्या डझनभर."

सगळे हसले. सिद्धू सोडून.

"मामा, हे बघा," इंद्रजित सिद्धूला म्हणाला, "ह्याला वरून लोखंडी पत्रा गुंडाळलाय. घूस दात मोडून घेईल, पण आत शिरणार नाही. आणि ह्या दुसऱ्यात लोखंडाचा कण नाही. मधली कांडीसुद्धा काचेचीच. वीज पडली तरी हिच्यातून यायची नाही. पण घूस हिला काकडीसारखी खाईल."

"पत्र्यातनं ईज जाईल?"

"जाऊ शकते. म्हणून दोन्ही टोकांना अर्थिंग करायचं. नीट केलं तर धोका नाही."

"आन् अर्थिंग सुटलं तर?"

इंद्रजितनं दोन्ही तुकडे जवळजवळ ठेवले. "सुटलं तर तुमची भीती खरी. आणि बिनलोखंडी घेतली, घुशीनं ऐन हंगामात तोडली, काटा बंद पडून गाड्या रस्त्यावर तटल्या, तर माझी भीती खरी. भीती मलाही वाटतेच, मामा. मला दोन्ही पटतं. पुरायची तुम्हाला आहे, आणि तिथं बसते तुमची मुलगी. तुम्ही बोट ठेवा, मी सही करतो."

आयुष्यात पहिल्यांदा सिद्धूच्या भीतीला कुणीतरी खुर्ची दिली होती. पत्र्याच्या तुकड्याकडं बघताना त्याला कुंपण दिसत होतं.

"ही," त्यानं बिनलोखंडीवर बोट ठेवलं. "घुशीचं मी बघतो. जाड प्लास्टिकच्या पाइपात घालतो, वर वाळू, वाळूत फुटक्या बाटल्यांचा चुरा. पर लोखंड नको."

दिवाळीच्या आत चर खणला गेला. सिद्धूनं हातानं चुरा पसरला, बोटं कापून घेतली. पाइपातून केबल ओढायची वायरमनची एक जुनी रीत आहे. आधी लोखंडी तार पाइपात सारायची, तिच्या टोकाला केबल बांधून ओढायची, आणि ओढताना केबलीसोबत दुसरी तार आत जाऊ द्यायची. ती आतच ठेवायची, म्हणजे उद्या आणखी एखादी केबल टाकायची झाली तर सोय होते. सिद्धूनं तसंच केलं. ऑफिसच्या बाजूचं टोक भिंतीत अडकवलं, काट्याच्या बाजूचं टोक गोल वेटोळं करून टेबलाखाली नीट ठेवलं. हाताला जे पाठ होतं ते हातानं केलं. मन त्या वेळी केबल वाकणार तर नाही ना, एवढंच बघत होतं.

हंगाम सुरू झाला. आकडे धावू लागले. घुशींनी पाइपाला तोंड लावलं नाही. लालासाहेब सिद्धूला म्हणाला, "तात्या, घुशींना तुमी आवतन द्यायचं इसारला काय!" तेव्हा सिद्धूसुद्धा हसला. त्या हिवाळ्यात तो चांगला जेवत होता, असं रंगुबाई सांगायची.

मग चैत्र आला. हंगामाचे शेवटचे दिवस. दुपार कलली आणि हवा एकाएकी थांबली. उसाची पाचट हलेना. सिद्धू वर्कशॉपात होता. त्याच्या हाताखालचा दादासो तिथं एका भिंतीच्या पाइपातून वायर ओढत होता. बाहेर काळवंडलं, लांब गुरगुर झाली, आणि दादासोनं सहज विचारलं,

"तात्या, तार आतच ठिवू न्हवं?"

"ठिव," सिद्धू म्हणाला.

शब्द तोंडातून गेला आणि तो जागच्या जागी थिजला. त्याच्या डोळ्यांसमोर ते वेटोळं आलं. काट्यापासून ऑफिसापर्यंत, सगळं रान ओलांडून, त्यानं स्वतःच्या हातानं लोखंड पुरलं होतं. बिनलोखंडी केबलीच्या कुशीत. आणि त्याचं टोक त्यानंच पोरीच्या खुर्चीखाली नेऊन ठेवलं होतं.

"तात्या, काय झालं वो?"

सिद्धू बाहेर पडला होता. फोनकडं त्याचा हात गेला होता, पण तीही तारच. त्यानं रिसीव्हर उचलला नाही. तो पळत सुटला. उसाच्या गाड्यांची रांग फाटकापासून मागं लागलेली. बैल कान टवकारून माना झटकत होते. गाडीवान ओरडले, "आरं तात्या, काय वाघ लागलाय व्हय मागं?" डोक्यावर आभाळ फाटल्यासारखं उजळलं. त्यानं मान खाली घातली, आणि तरी पळत राहिला. उघड्या आभाळाखाली, विजेत, तो कधी एवढा पळाला नव्हता. पायाखालची जमीन त्याला पोकळ वाटत होती, आणि आत ती तार आपल्याबरोबर धावतेय, आपल्या आधी पोचतेय, असं वाटत होतं.

काट्याच्या खोलीच्या दाराशी स्वप्नालीच्या चपला होत्या. संगणकाला धूळ चालत नाही म्हणून चपला बाहेर काढायचा तिथला नियम होता. आत ती अनवाणी बसली होती. टेबलाखाली, वेटोळ्यावर, दोन्ही पाय आरामात टेकवून.

"ऊठ!"

"आबा? आवं, गाडी काट्यावर हाय. पावती—"

"पाय वर घे! पाय वर घे पोरी!"

त्यानं तिला दंडाला धरून ओढलं. खुर्ची उलटली. कोपऱ्यात रिकाम्या पोत्यांची चळत होती. त्यानं तिला त्यावर ढकललं, स्वतः चढला, आणि तिचे पाय दोन्ही हातांनी पोटाशी धरून बसला. खिडकीतून गाडीवान ओरडत होता, "ताई, पावती द्या की वो, बैल थांबंनात!"

"आबा, लोक काय म्हणतील? सोडा," स्वप्नाली म्हणाली. त्यानं सोडलं नाही. काही झालं नाही. नुसता गडगडाट. तिला रडू यायला लागलं होतं, लाजेनं. तो मनात म्हणत होता, हसू देत, मला खुळा म्हणू देत, काही न होऊ दे.

मग खोली पांढरी झाली.

आवाज नंतर आला, की आधी, दोघांनाही सांगता आलं नाही. रानाच्या मधोमध उभ्या कडुलिंबावर वीज पडली होती. टेबलाखाली वेटोळ्यातून निळी ठिणगी टेबलाच्या लोखंडी पायावर कडकन् उडाली, आणि जळक्या रंगाचा वास खोलीभर पसरला. बाहेर बैल हंबरले.

स्वप्नालीनं बापाच्या हातातले पाय आणखी आत ओढून घेतले. टेबलावर संगणकाचा पडदा क्षणभर मिटला आणि पुन्हा उघडला. गाडीचं वजन जसंच्या तसं त्यावर होतं. काचेच्या केबलीला ओरखडासुद्धा गेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सिद्धूनं इंद्रजितला सांगून टाकलं, तार कुणी ठेवली ते. इंद्रजित म्हणाला, "पाइप मीही तपासला होता, मामा. मलाही ती दिसली होती. नेहमीचीच म्हणून डोळ्यांना खुपली नाही."

तार ओढून काढली गेली. बाहेर येणारी ती तार सिद्धू हातात घेईना, फडक्यानं धरून बाजूला टाकत होता. तिच्या जागी काहीतरी ओढायचं ठेवणं भाग होतं. लालासाहेबानं नायलॉनची दोरी पुढं केली. सिद्धूनं ती परत दिली आणि गावाकडून, चुलत्याच्या कळपातली, जुन्या वाघरीची सुतळी मागवली. पाइपाच्या लांबीला ती पुरेना, तेव्हा तुकड्याला तुकडा पिळून, गाठी मारून, पुन्हा पिळून त्यानं ती घातली. लालासाहेब तिथंच उभा होता. त्यानं सुतळीचं दुसरं टोक धरलं.

सिद्धू आता नाही. स्वप्नाली मलकापुरात नांदते, तिथल्या पतपेढीत संगणकावरच बसते. मागं एकदा कामासाठी गेलो होतो. बाहेर आभाळ भरून आलं, लांबवर गुरगुरलं. समोरच्या माणसाशी बोलत, पावती लिहीत असतानाच तिनं टेबलाखालचे दोन्ही पाय उचलून खुर्चीवर घेतले, आणि आभाळ मोकळं होईपर्यंत ते खाली सोडले नाहीत.