यांची शांत

मी नालवाडीला राहते आणि वर्ध्याच्या एका शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. आंतरराष्ट्रीय शांततेचा धडा आला की दरवर्षी माझी पंचाईत होते. देशांनी आपसातले वाद चर्चेनं मिटवावेत, बळाचा वापर करू नये, असं मी फळ्यावर लिहिते, मुली ते उतरवून घेतात, आणि मला माझे मामा आठवतात.

मामा अल्लीपूरचे. थोडी शेती आणि बाकी सगळं आयुष्य लाल झेंड्याखाली. लहानपणी त्यांनी मला हिंगणघाटच्या एका मोर्चाला नेलं होतं. माझ्या फ्रॉकला कागदाचं पांढरं कबुतर टाचलं होतं. आधी घोषणा झाल्या, युद्ध नको, शांतता हवी. मग त्याच लोकांनी गाणं म्हटलं, झेंडा रक्तानं लाल झाल्याचं.

"कोनाचं रक्त, मामा?"

"आपलंच."

"दुसऱ्याचं नाई?"

मामांनी मला चिवडा घेऊन दिला. माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून यायचंय.

मोठी झाल्यावर मी त्यांच्याशी तावातावानं भांडायचे. ते म्हणायचे, देशादेशांत लढाई नको, कारण दोन्हीकडून मरतो तो मजूरच. पण मालक आणि मजूर यांच्यात कसली शांतता? तिथं शांतता म्हणजे मजुरानं तोंड बंद ठेवणं. मी म्हणायचे, म्हणजे शांतता दाराबाहेर आणि लढाई घरात, असंच ना? त्यावर ते खूश होऊन हसायचे. एकदा मात्र मी विचारलं, लाल झेंड्याच्या देशांनीच शेजाऱ्यांच्या अंगावर रणगाडे घातले, त्याचं काय? "ते चुकलं," एवढंच म्हणाले आणि पुढे दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं, पण नाही वाटलं.

आमच्याकडे लढाई खरोखरच घरात होती. बाबांचं हिंगणघाटला जिनिंग होतं, कापसातून सरकी काढायचा कारखाना. तिथल्या बायांच्या मजुरीसाठी संप झाला आणि फाटकासमोर बसलेल्यांत सगळ्यात पुढे बाबांचा सख्खा मेव्हणा, म्हणजे माझे मामा. कोणीतरी फोन केला, पोलीस आले, लाठ्या चालल्या. एक मामांच्या डाव्या कानावर बसली. त्या कानानं त्यांना पुन्हा कधी ऐकू आलं नाही.

फोन कोणी केला, एवढाच मग दोघांमधला प्रश्न उरला. बाबा म्हणत, मी नाही. मी शांतताप्रिय माणूस आहे, हेही वर म्हणत. मामा म्हणत, "त्यांनीच केला. एकडाव कबूल करा म्हना, त्याच दिवशी तुमच्या पंगतीले बसतो." त्यानंतर मामांनी आमच्या घरचं पाणीही घेतलं नाही. आई भावाला राखी बांधायला नालवाडीला माझ्या घरी यायची. तिचे ते हाल बघून मला दोघांचाही संताप यायचा, आणि बाजू कोणाची घ्यावी ते काही केल्या ठरत नसे.

मागच्या वर्षी बाबांना ऐंशी पूर्ण झाली. सहस्रचंद्रदर्शनाची शांत करायचं ठरलं. बाबा आईला म्हणाले, "तुह्या भावाले बोलाव. मले तो पंगतीत पाह्यजे." इतकी वर्षं हे वाक्य ऐकायला आई आसुसली होती. पण मामांनी साफ नाही म्हणून कळवलं. होमहवनालाही नाही आणि भाऊजींच्या घरीही नाही. शांतीच्या दिवशी सकाळी आईनं शेवटचा प्रयत्न म्हणून रडत रडत फोन केला, "दादा, यांची आज शांत हाये, येजो."

तासा-दीड तासानं मामा दारात उभे राहिले. खांद्यावर दुपट्टा, डोळे सुजलेले, हातात झेंडूचा मोठा हार. आत बाबा रेशमी धोतर नेसून पाटावर बसलेले, सुना त्यांना ओवाळताहेत. मामा बघतच राहिले.

"तुमी तं..." त्यांच्या तोंडून निघालं.

आईच्याच आधी लक्षात आलं. "अवो दादा, शांत हाये म्हनलं मी! शांत झाले नाई म्हनलं!"

गुरुजी हसले, मग सगळे हसले. मला गुरुजींना बाहेर काढावंसं वाटलं. कारण मामा हसत नव्हते.

"मेलेल्या मानसाशी भांडन मिटवाले आलतो मी," ते म्हणाले. "जित्याशी कसं मिटवू?" आणि हार तसाच हातात घेऊन माघारी वळले.

बाबा पाटावरून उठले. गुरुजी नको नको म्हणत होते, तरी उठले, दारापर्यंत आले आणि मामांचा दंड धरला. मी तबक घेऊन शेजारीच उभी होते. बाबा हळूच म्हणाले, "फोन मीच केलता."

ते मामांच्या डाव्या बाजूला उभे होते.

"काय म्हनता?" मामांनी मान फिरवून उजवा कान पुढे केला.

बाबांचे ओठ हलले. "जेवून जाजो, म्हनलं," बाबा म्हणाले.

मामा त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. मग तो हार त्यांनी बाबांच्याच गळ्यात घातला आणि पंगतीत जाऊन बसले. आई वाढताना रडत होती, ताटात मीठ वाढलं की नाही हेसुद्धा तिला कळत नव्हतं.

आता मामा अधूनमधून येतात. दोघं टीव्हीवर कुठल्या कुठल्या देशांतली युद्धं बघतात. बाबा म्हणतात शांतता पाहिजे, मामा म्हणतात आधी न्याय, मग शांतता. आणि दोघं चहा पितात. मी मधे बसते आणि ते वाक्य माझ्या ओठांवर येतं. मामांचा न्याय माझ्याजवळ पडून आहे. सांगितलं तर ते समाधानानं बसतील की ताट सरकवून उठतील? ही शांतता खरी, की नुसता एक बंद कान? फळ्यावर लिहायला सोपं आहे.

गेल्या आठवड्यात मी मामांना बसस्टँडवर सोडायला गेले. गाडीची वाट बघताना ते एकदम म्हणाले, "त्या दिवशी भाऊजी पयले काय म्हनले वं? तुनं ऐकलं असन."

"जेवून जाजो, म्हणाले."

"हव," मामा म्हणाले. "मंग एवढ्यासाठी त्यायचे डोये काऊन भरले?"