गजांमधून चहा

बुद्धीनं संथ असलेल्या मुलांना मी घर सांभाळायला शिकवते. वेणी घालणं, भाजी निवडणं, गॅस पेटवणं, कडी लावणं. शाळेत लोक येतात, वाढदिवसाची केळी वाटतात आणि "बिचारी लेकरं" म्हणत डोळे पुसून निघून जातात. त्या शब्दानं माझं टाळकंच सरकतं. अहो, बिचारी कशाची? तुमच्या पोरीला अशी कणीक मळता येते का, ते बघा आधी!

ज्या मुलीची ही गोष्ट, ती तेव्हा नुकतीच शाळेच्या मोठ्या गटात आली होती. बेसाला, शाळेपासून दोन गल्ल्या सोडून, आईबरोबर राहायची. वडील नव्हते. आईला शहरात सदरला कपड्याच्या दुकानात काम लागलं होतं, पण शाळा सुटायची दुपारी आणि आई परतायची अंधार पडल्यावर. मधल्या वेळात पोरगी एकटी कशी राहणार? गावाकडच्या मामांनी तर सांगूनच टाकलं होतं, की एकटं ठेवायचं नाही, मी तिला घेऊन जातो. माणूस वाईट नव्हता, भाचीवर जीव होता त्यांचा. पण गावात तिच्यासाठी शाळा नव्हती. तिथं तिला आयतं ताट वाढलं असतं, पाणीसुद्धा हातात दिलं असतं, आणि शिकलेलं सगळं वर्षभरात विसरली असती. आईनं कशीबशी थोडी मुदत मागून घेतली.

मग ती पोरगी आणि मी, आम्ही दोघी दार न उघडण्याच्या सरावामागे लागलो. मी बाहेर उभी राहायची. कधी मी सिलिंडरवाली, कधी कुरिअरवाली, कधी "तुझी आई पडली, उघड लवकर" म्हणून गळा काढणारी शेजारीण. सुरुवातीला ती सगळ्यांनाच दार उघडायची, वर हसून "या, बसा" म्हणायची. आमच्याकडे आल्यागेल्याला दारात ताटकळत ठेवत नाहीत, पाणी विचारतात, चहा ठेवतात. ते तिनं लहानपणापासून पाहिलेलं. मी चिडायची आणि पुन्हा बाहेर जाऊन उभी राहायची. शेवटी एकच नियम केला. आई म्हणेल तेव्हाच दार उघडायचं. दुसरं कोणीही म्हणो, अगदी मी म्हटलं तरी नाही.

एका दुपारी मामा कळमन्याच्या बाजारात संत्री उतरवून, न सांगता थेट बेसाला आले. तिला घेऊन जायचंच असं ठरवून आले होते. मला कळलं ते तिच्या फोनवरून. मामा आलेत आणि आई फोन उचलत नाही, असं ती सांगत होती. दुकानात गर्दीच्या वेळी आईचा फोन खणात पडलेला असायचा. मागून दार बडवल्याचा आवाज येत होता. नियम करताना सख्ख्या मामाचा विचार आम्ही कुणी केलाच नव्हता! मी म्हटलं, अगं, उघड दार, मामाच आहेत ते.

"आईनं अजून नाही सांगतलं, मॅडम," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

आता मामा भडकणार आणि हिला उचलून नेणार, याच धास्तीनं मी गाडी काढली. पोचले तर मामा बाहेर ओट्यावर बसलेले. उन्हानं तोंड लाल झालेलं, पण हातात अरुंद उंच पेला आणि पेल्यात चहा. दार बंदच. तिनं खिडकीच्या गजांमधून आधी पाणी दिलं होतं. मग चहा केला. कप गजांतून जाईना, म्हणून घरातला सगळ्यात बारीक पेला शोधला आणि मामांचा हात पोळू नये म्हणून त्याला फडकं गुंडाळलं. हे मी तिला कधीच शिकवलं नव्हतं. बाप्पा, काय वाटलं मला त्या पोरीबद्दल! मी समजूत घालायला तोंड उघडलं, तर मामांनी हातानंच थांबवलं.

फोन पाहून आई ऑटोनं धावत आली. भाऊ बाहेर, दार बंद, हे बघून तिचा चेहराच उतरला. तिनं हाक मारली तेव्हा कुठं आतली कडी निघाली. आई भावाला विनवायला लागली, की रागावू नको, तिला समजत नाही.

"काहून नाही समजत?" मामा म्हणाले. "मी तिचा सख्खा मामा, मले तिनं घरात येऊ देल्लं नाही. मंग दुसऱ्याची काय हिंमत हाय? तू बिनधास्त कामाले जात जाय."

आईला रडू आवरेना. सगळे आत गेलो. डोळे पुसत ती सवयीनं चहा ठेवायला गॅसकडे निघाली, तर मामांनीच तिला हाताला धरून खाली बसवलं.

"बस वं तू," ते भाचीकडे बोट करत म्हणाले. "थे करते."