अकरा प्रतिमा, अकरा हार

"बाई, प्रतिमा एकूण किती आहेत?"

हेडसरांचा फोन आला तेव्हा मी कापूरहोळच्या फाट्यावर उन्हात उभी होते. संस्थेचे एक पदाधिकारी पुण्याहून यायचे होते. त्यांच्या ड्रायव्हरला आमच्या शाळेचा रस्ता माहीत नव्हता, म्हणून चित्रकलेच्या बाईला फाट्यावर उभं केलेलं. चित्रकलेच्या बाईला कुठंही उभं करता येतं. गणिताच्या सरांना नाही करत कुणी.

"अकरा," मी म्हटलं. "का हो सर?"

"काही नाही, तयारीला माणूस भोरला पाठवतोय," म्हणाले आणि फोन ठेवला. मला वाटलं, खिळे आणायचे असतील.

प्रदर्शन माझ्या मुलांचं होतं. आठवी-नववीच्या पोरांना मी वर्षभर माणसाचा चेहरा काढायला शिकवत होते. त्याला आमच्यात व्यक्तिचित्र म्हणतात. हेडसरांना तो शब्द हलका वाटला. त्यांनी निमंत्रणपत्रिकेवर 'व्यक्तिप्रतिमा प्रदर्शन' असं छापलं. मी म्हटलं, जाऊ दे, एका शब्दानं काय होतंय!

चेहरा शिकवणं म्हणजे आधी पोरांच्या डोक्यातला चेहरा पुसणं. कुठल्याही मुलाला माणूस काढायला सांगा, तो डोळे पार कपाळावर नेऊन ठेवतो. खरे डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर असतात. हे पोरांना पटत नाही. मग मी त्यांना एकमेकांची डोकी पट्टीनं मोजायला लावते. वर्गात दंगा होतो, पण पटतं. दुसरी खोड मोबाईलची. फोटो बघून काढलेला चेहरा चपटा येतो, कारण सावल्या कॅमेऱ्यानंच सपाट करून टाकलेल्या असतात. म्हणून माझा नियम होता, जिवंत माणूस समोर बसवायचा. घरातलं म्हातारं माणूस आणा, सुरकुत्या असल्या की काढायला सोपं जातं.

हे म्हातारे आणणं सोपं नव्हतं. आमच्या खोऱ्यात म्हाताऱ्या माणसाचा मोठा चेहरा फ्रेम करून भिंतीला लागतो तो ते माणूस गेल्यावरच. जित्या माणसाची तसबीर म्हणजे अपशकुन. मी घरोघर जाऊन समजावलं. कुणी दार लावून घेतलं, कुणी चहा पाजून नाही म्हणाले. पहिला हो म्हणाला तो कोमलचा आजा. सगळे त्यांना आबा म्हणतात. हिर्डोशीच्या अंगाला त्यांची भाताची खाचरं आहेत. ते म्हणाले, "काढ की गं पोरी. जित्तेपणी कोण बघतंय आमच्या तोंडाकडं?" त्यांनी होकार दिला आणि मग बाकीचे तयार झाले.

कोमल नववीत. तिच्यासारखा हात मी इतक्या वर्षांच्या नोकरीत पाहिला नाही, आणि हे मी कुणाला खूश करायला म्हणत नाहीये. आबांच्या गळ्याच्या शिरा तिनं कोळशानं अशा काढल्या होत्या की मी कागद खिडकीपाशी नेऊन पुन्हा पाहिला. दहावीनंतर तिला पुण्याला कलेच्या कॉलेजात जायचं होतं. वडील म्हणायचे, पोरीला एकटीला पुण्यात ठेवणार नाही. शेवटी आबांनीच मार्ग काढला. त्यांची मुलगी, म्हणजे कोमलची आत्या, पानशेतला दिलेली. तिथं त्यांचं छोटं हॉटेल आहे, आणि पानशेतहून पुण्याला बस आहे. कोमल आत्याकडं राहील आणि जाऊन-येऊन शिकेल. आत्या हो म्हणाली, वडीलही हो म्हणाले. मी घरी जाऊन शिरा केला होता त्या दिवशी.

तर, पाहुण्यांची गाडी आली. मी पुढं स्कूटी, मागं ते. शाळेत पोचलो तर दारात लेझीम, रांगोळी. मी हॉलच्या दारातून आत पाहिलं.

अकराच्या अकरा चित्रांना झेंडूचे हार घातले होते. खाली उदबत्ती. आणि प्रत्येकाच्या कपाळाला ओलं गंध.

समजावून सांगते. कोळशाचं चित्र म्हणजे कागदावर बसलेली नुसती धूळ. ती उडू नये म्हणून वरून फिक्सेटिव्ह नावाचा फवारा मारतात. आम्ही स्वस्तात केसांचा स्प्रे मारतो. पण आमच्या फ्रेमना काच नव्हती, आणि कोळशावर ओलं बोट फिरवलं की संपलं. आबांच्या कपाळावरचं गंध खाली ओघळून डोळ्यात उतरलं होतं.

मी हेडसरांना बाजूला घेतलं. "सर, हे काय केलंत?"

"प्रतिमापूजन, बाई. कार्यक्रम त्याशिवाय सुरू होतो का?"

"अहो, ही जिवंत माणसं आहेत!"

त्यांनी एकदा भिंतीकडं पाहिलं. मला वाटतं, चित्रं त्यांनी तेव्हा पहिल्यांदाच पाहिली. "म्हातारी माणसं, फ्रेममध्ये. मी काय समजणार?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "आता पाहुण्यांसमोर गोंधळ नको. तुम्ही बसा."

मी बसले नाही. सरळ जाऊन आबांच्या फ्रेमवरचा हार काढायला लागले. तेवढ्यात पाहुणे हात जोडून माझ्या शेजारी येऊन उभे राहिले आणि त्यांच्याबरोबरच्या पोरानं फोटो काढला. फोटोत मी हार काढतेय की घालतेय ते कुणाला कळणार? पाहुण्यांनी माइक घेतला. त्यांचाही दोष काय, बिचाऱ्यांनी हार पाहिले. म्हणाले, "या परिसरातील दिवंगत ज्येष्ठांना विद्यार्थ्यांनी वाहिलेली ही आदरांजली पाहून मन भरून आले."

दिवंगत ज्येष्ठ पहिल्या रांगेत बसले होते. टोप्या घालून, धुतलेली धोतरं नेसून, आपापल्या नातवंडांचं कौतुक बघायला आलेले.

मग आबाच म्हणाले, "आवं सायेब, म्या हितंच हाय की!"

सगळे हसले. पाहुणेही हसले, हेडसर सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसले. कोमल हसली नाही. ती कपाळावरून ओघळलेल्या गंधाकडं बघत होती.

तिथं संपलं असतं तरी मी गिळलं असतं. पण त्या फोटो काढणाऱ्या पोरानं सगळे फोटो ग्रुपवर टाकले, वर 'दिवंगत ज्येष्ठांना विनम्र अभिवादन' असं लिहून. या ग्रुपवरून त्या ग्रुपवर होत दुपारपर्यंत ते पानशेतला पोचले. आत्याच्या हॉटेलात कुणीतरी मोबाईल पुढं केला, "हे तुमचं वडील न्हवं का?" आबांच्या घराकडं डोंगराआड रेंज नाही. फोन लागेना. न लागणारा फोन म्हणजे खरंच झालं असणार. त्यांनी हॉटेल बंद केलं, टेम्पो केला, आणि आत्या, तिची सासू, भावकीतल्या चार बायका अशा रडत-ओरडत निघाल्या.

दुसऱ्या दिवशी कोमल शाळेत आली नाही. वडील आले. माझ्याशी नीट बोललेही नाहीत. फ्रेम त्यांनीच उतरवली, माझ्या टेबलावर ठेवली. "हे आमच्या घरात नको," म्हणाले, "आन् पोरीचं चित्रंबित्रं आता बास."

शाळा सुटल्यावर मी त्यांच्या घरी गेले. आत्या अजून तिथंच होती. मला पाहून उठलीही नाही.

"अख्ख्या वाटंनं ऊर बडवत आले, बाई," ती म्हणाली. "हितं येऊन बघती तर बाप वट्यावर बसून चहा पितुया. हसावं का रडावं कळंना. माज्या सासूनं पानशेतात सगळ्यास्नी सांगितलं, व्याही गेलं म्हणून. आता माघारी गेले की लोक मला हाटेलात येऊन इचारतील, काय गं, बाप उठला का तुजा? सासरी तोंड दावायला जागा न्हाई मला."

"ताई, चूक कोमलची नाही हो."

"हिनं काढलंच नसतं तर हार कुटं घातला असता? ही पोरगी मला माज्या दारात नको."

आबा कोपऱ्यातून म्हणाले, "आगं, मेल्याची आवई उठली की आयुष्य वाढतं माणसाचं. सोडा की आता." त्यांच्याकडं कुणी पाहिलंसुद्धा नाही. ज्याच्यासाठी रडत आले, त्याचं ऐकायला कुणी तयार नव्हतं.

शेवटी वडील बोलले. "तुमच्या हेडसरांना हितं येऊन चार माणसांत सांगू द्या, आमची चूक झाली म्हणून. बहिणीच्या सासरच्यांना बोलावतो. मंग बघू."

आत्यानं मान हलवली. एवढंच मागणं होतं त्यांचं. एका माणसानं यायचं, एक वाक्य बोलायचं, वर चहा मिळाला असता.

मी सकाळी हेडसरांच्या केबिनमध्ये उभी राहिले.

"मुख्याध्यापकानं पालकाच्या दारात जाऊन माफी मागायची?" ते म्हणाले. "बाई, उद्या कुणीही उठेल आणि मला बोलावेल."

"सर, पोरीचं कॉलेज जाईल यात."

"एवढं असेल तर तुम्ही घ्या ना नावावर. सांगा, चित्रकलेच्या बाईंची चूक झाली. तुमचं ऐकतील ते."

खरं सांगते, माझ्या हातात डस्टर होतं आणि ते फेकून मारावंसं वाटलं. पण मी विचार केला, गेलं खड्ड्यात, पोरीचं काम होत असेल तर माझ्या नावावर. परत गेले. चार माणसांत सांगितलं, हार मीच घालायला लावले, मला कळलं नाही, माफ करा.

आत्यानं माझ्याकडं पाहिलं. "तुमी तर तवा कापूरहोळला व्हता, बाई," ती म्हणाली. "समद्या गावाला ठावं हाय. कशापायी खोटं बोलताय?"

उलट झालं. जो माणूस चुकला तो आलाच नाही, आणि ज्या बाईवर त्यांचा विश्वास होता ती खोटं बोलली. आत्या त्याच दिवशी पानशेतला परत गेली. जाताना कोमलशी एक शब्द बोलली नाही.

हेडसरांनी संस्थेला अहवाल पाठवला. 'ज्येष्ठांप्रति आदर व्यक्त करणारा अभिनव उपक्रम.' संस्थेचं अभिनंदनाचं पत्र आलं, ते प्रार्थनेच्या वेळी वाचून दाखवलं. यंदा चित्रकलेचा एक तास दहावीच्या जादा गणिताला दिला आहे. मी विचारलं का, तर म्हणाले, निकाल महत्त्वाचा, बाई.

कोमल आता दहावीत आहे. पुढं भोरला कॉमर्सला जायचं ठरलंय, भोर एसटीनं जमतं. माझ्या तासाला येते, शेवटच्या बाकावर बसते. परवा मी व्यक्तिचित्र घेतलं, शेजारचा चेहरा काढा म्हटलं. तिनं कागदभर जास्वंदीची फुलं काढली. देठ, पाकळ्या, परागाची ती लांब दांडी, सगळं जिथल्या तिथं.

मी म्हटलं, "कोमल, मी चेहरा सांगितला होता."

"फुलंच बरी बाई," ती मान वर न करता म्हणाली. "फुलं काढली तर कोण घरी येऊन रडत न्हाई."

मी तिला पैकीच्या पैकी मार्क दिले. फुलं खरंच चांगली होती.