स्टॉलवर राहिलेला डबा

रविवार, ८ फेब्रुवारी, नाशिक. सकाळी सातला गाडीत आई, मी आणि गाडी चालवायला हे. सोबत पाण्याच्या बाटल्या, आईच्या गुडघ्याचं मलम, कापडी पिशव्या. आई बुधवारच्या गाडीनं नांदेडमार्गे जळकोटला परत जाणार होती. त्याआधी तिच्याकडून ‘इथंच राहते’ असं वदवून घ्यायचं, एवढं एकच काम मी त्या दिवसासाठी ठेवलं होतं.

बारा वर्षांपूर्वी यांची जळकोटहून नाशिकला बदली झाली, तेव्हाही मी असंच सगळं नीट लावून निघाले होते. टेम्पो दारात उभा आणि मी गल्लीत घरोघर फिरून आमची भांडी गोळा करतेय. कुणाकडे वाटी, कुणाकडे पातेलं. आई म्हणाली होती, “एखादं ऱ्हाऊ दे की गं त्यांच्याकडं.” मी राहू दिलं नाही.

इथे द्राक्षबागांच्या रस्त्यावर, एका वायनरीच्या आवारात रविवारी शेतकरी बाजार भरतो. वाइन टेस्टिंग सुरू होईपर्यंत पर्यटक कॉफीचे कप घेऊन रमतगमत फिरतात. मला तसं फिरता येत नाही. मी पुढे, आई मागे, आणि प्रत्येक स्टॉलपाशी माझं सुरूच: दवाखाना जवळ आहे, लिफ्ट आहे, खाली बाग आहे.

द्राक्षांच्या स्टॉलवरच्या सविताताईंनी आईच्या हातात एक छोटा घड ठेवला. “खाऊन बघा, मावशी.”

“वानवळा दिला बघ तिनं,” आई मला म्हणाली.

“आई, सॅम्पल आहे ते. सगळ्यांनाच देतात.”

“देऊ दे की. आपल्याला बी दिलंच न्हवं?”

आमच्याकडे शेतातला वानवळा घरात आला, की देणाऱ्याला रिकाम्या हातानं पाठवत नाहीत. आईनं पिशवीतून जवसाच्या चटणीचा स्टीलचा डबा काढला आणि डब्यासकट सविताताईंना दिला.

“अहो, डबा?”

“ऱ्हाऊ दे. ही येती न्यायला.”

“मग रिकामा नाही हं देणार मी!”

“देऊ बी नको.”

गाडीत बसल्यावर मी चिडलेच. “तुझं नाव घातलेला डबा आहे तो! तू तर बुधवारी निघालीस.”

“म्हणून तर ठिवला. बारा वरीस झालं, हितं कुणाच्या घरात तुझं एक तरी भांडं हाय का?”

हे मोठ्यानं हसले. आरशात माझा चेहरा दिसल्यावर त्यांनी गाडी सुरू केली.

“राहा ना गं, आई,” मी म्हणाले. दिवसभराची तयारी, आणि तोंडातून एवढंच निघालं.

“मी ऱ्हायले की तू आणखीच कुणाकडं जायची न्हाईस.”

आई बुधवारी गेली. त्यानंतर तीन रविवार झाले. एकदा गाडी सर्व्हिसिंगला, एकदा पाहुणे, एकदा नुसतंच. जळकोटहून फोन आला की तब्येतीच्या आधी प्रश्न येतो, “डबा आणला का?”

गाव कुठलं असं कुणी विचारलं, तर अजून जळकोटच तोंडात येतं. पण हल्ली घराजवळच्या भाजीबाजारात द्राक्षं दिसली की जीव थाऱ्यावर राहत नाही. महिनाभरात हंगाम संपेल, मग सविताताई तिथे बसतील की नाही कोण जाणे. डबा भरून येणार, म्हणजे मलाही काहीतरी करून न्यायला हवं.

जवस भाजून ठेवलाय. कुटायचा राहिलाय.