खीर कोणाच्या खर्चात?

नवस फेडला की संपतो म्हणतात. माझा एक फेडला आणि तिथूनच किस्से सुरू झाले! आता तर इतके साचलेत की पाहुणे चहा थंड करून ऐकत बसतात.

आमच्या पोर्णिमाचा मुलींचा फुटबॉल क्लब जिल्ह्याच्या लीगमध्ये आला तर साऱ्या पोरींना खीर-पुरी जेवू घालीन, असं मी देवीला बोलले होते. पोर्णिमा माझी लेक, गोलकीपर; माझे यजमान त्याच क्लबचे सेक्रेटरी. घरात दुसरा विषयच नाही! क्लब लीगमध्ये आला, मी खीर केली.

पंगत बसली आणि लीगचे हिशेब तपासणारे साहेब दारात! नियमच आहे म्हणे, क्लबनं कमाईपुरताच खर्च करायचा. जास्त झाला की क्लब बाहेर.

"ही खीर कोणाच्या खर्चात?"

मी हादरलेच. "अहो, देवीच्या नवसाची आहे!"

"देवी क्लबची मालक आहे का?"

तरी मी आग्रह केला. साहेबांनी दोन वाट्या खाल्ल्या. तेव्हा यजमान हळूच म्हणाले, "साहेब, या दोन वाट्या कोणाच्या खर्चात मांडू?"

*

खरे मालक नंतर आले. गोंदियाचे राईसमिलवाले शेठ. पहिल्याच सभेत म्हणाले, "भाभीजी, पानी की तरह पैसा बहाऊंगा! बस, जूते, बाहर की खिलाड़ी, सब!"

मी मनात देवीला हात जोडले. पण शेजारच्या सिंधूबाईंचे सासरे उठले. त्यांच्या वाडवडिलांनी गावचा तलाव बांधलेला.

"शेठ, पाणी वाहूनच गेलं त मंग तलावात काय उरन?"

शेठ हसले. सभेला आलेले हिशेबाचे साहेब हसले नाहीत. "मालकाच्या खिशातला पैसा ही क्लबची कमाई नव्हे," एवढंच बोलले. शेठचा चेहरा पाहवेना!

*

शेठनं मग युक्ती काढली. तलावाच्या पाळीजवळ, बांधाला लागून आमचं मैदान आहे, तिथं गोलपोस्टमागे आपल्याच मिलच्या जाहिरातीचा फलक लावला आणि क्लबला त्याचं भाडं दिलं. केवढं? गोंदियात भर चौकात तेवढ्यात दुकान मिळेल!

साहेब फलकासमोर उभे राहिले. आसपास चिटपाखरू नाही. दोन म्हशी तेवढ्या रवंथ करत बसलेल्या.

"शेठजी, ही जाहिरात इथं वाचतं कोण?"

शेठनं म्हशींकडे बोट दाखवलं. "साहब, हमारी मिल का कोंडा यही तो खाती हैं!"

भाडं अर्थातच नामंजूर झालं.

*

राहिली तिकिटांची कमाई. फाटकावर यजमान बसले. माणूस सज्जन, नाही म्हणणं जमत नाही.

"मी पोर्णिमाची मावशी होय."

"या."

"मी मावशीची जाऊ."

"या, या."

मैदान गच्च भरलं आणि तिकिटं खपली तीन! साहेबांनी डोळे विस्फारले. यजमान म्हणाले, "ते प्रेक्षक नाही साहेब, सारे पाहुणे होत!"

साहेबांनी शेवटची ताकीद दिली. पुढच्या सामन्यात खर्च निघाला नाही तर क्लब लीगबाहेर.

पोर्णिमा हातमोजे मांडीवर घेऊन बसली होती. "आई, मंग आमी कुठी खेळू?"

मी उठून देवीपुढे गेले नि म्हटलं, "माय, या वेळी खीर-पुरी नाही. माझ्या पोरीचा खेळ मी तिकीट काढूनच पाहीन."

*

सामन्याच्या दिवशी फाटकावर पैसे पुढे केले. यजमान दचकले. "तुह्यापासून पैसे घेऊ?"

"घ्या. नवस आहे."

मागे सिंधूबाई. "काऊन बाई, माय असून तिकीट?" मग पदराची गाठ सोडत, "मले बी द्या एक." तिच्यामागे मावशी. मावशीमागे मावशीची जाऊ. एकही पाहुणी फुकट आत जाईना! शेठ मालकाच्या खुर्चीतून उठून रांगेच्या टोकाला उभे राहिले. "एक मुझे भी."

रांग संपली. यजमानांनी मान वर केली, चेहरा उतरलेला. "खर्च निघायला दोन तिकिटं कमी पडतात."

तिकडे शिट्टी झाली. बाजूला उभे असलेले साहेब खिशात हात घालत पुढे आले. "दोन द्या."

"साहेब, तुम्हाले तिकीट लागत नाही."

"द्या."

एक त्यांनी स्वतःच्या खिशात ठेवलं. दुसरं माझ्या हातात दिलं. "देवळात नेऊन ठेवा."

आणि मैदानाकडे चालू लागले.

ते तिकीट अजून देवीपुढे आहे. पोरी पुढच्या रविवारी खेळणार आहेत. तुम्ही या हो नक्की. अगदी आमचे पाहुणे असलात तरी आपलं तिकीट काढून या.